दहा लाखांतला एक

तारापूरच्या अणुकेंद्राला थंडावा देण्यासाठी समुद्राचं जे पाणी ओढून घेतात, त्याच पाण्यात माकूल पोहतो. या पाण्याच्या एका लिटरमध्ये दहा-अकरा ग्रॅम सोडियम असतं आणि पोटॅशियम अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. माकुलाच्या मज्जातंतूच्या आत हिशेब उलटा आहे. तिथलं पोटॅशियम समुद्राच्या चाळीसपट आणि सोडियम समुद्राच्या जेमतेम नवव्या हिश्शाइतकं. या दोन खारटपणांच्या मध्ये स्निग्ध रेणूंचं एक दुपदरी पटल आहे, पाच नॅनोमीटर जाडीचं. त्याच्या अल्याड-पल्याड विद्युतदाब मोजला, तर आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साठ-सत्तर मिलिव्होल्टनं ऋण भरते. पेशी जिवंत असेतोवर हा फरक टिकतो, आणि निरोप पाठवायचा असेल तेव्हा तो हजारांश सेकंदात उलटतो. शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकात हे प्रकरण सहसा आकृत्यांच्या गर्दीत उरकलं जातं. मला ते चांगली कविता वाचावी तसं, ओळीओळीवर थांबत वाचायचं आहे. इतक्या कमी सामग्रीत इतका मोठा अर्थ उभा करणारी रचना मला निसर्गात दुसरी माहीत नाही.

सातपाटी म्हटलं की पापलेट आठवतं. अर्नाळ्यापासून डहाणूपर्यंत कोणत्याही बंदरावर माकुलाला पापलेटचा मान नाही. पण विसाव्या शतकातल्या शरीरक्रियाशास्त्राचा सगळ्यात लाडका प्राणी माकूलच होता. आपल्या किनाऱ्याच्या माकुलाचे युरोपी भाऊबंद इंग्लंडच्या प्लिमथ बंदरावर उतरत, आणि त्यांच्याच एका मज्जातंतूवर ही रचना पहिल्यांदा नीट वाचली गेली. त्याकडे येण्याआधी पहिली ओळ.

ही ओळ विश्रांतीची. पटलात पोटॅशियमला जायला वाट आहे, इतरांना जवळजवळ नाही. आत पोटॅशियम दाट आणि बाहेर विरळ, म्हणून ते बाहेर झिरपतं. जाणारा प्रत्येक आयन एक धनभार घेऊन जातो आणि त्याच्या जोडीचा ऋणभार आत एकटा राहतो. थोडे आयन गेले की हा मागे राहिलेला ऋणभार उरलेल्यांना आत ओढू लागतो. विरळ जागेची ओढ आणि ऋणभाराची ओढ सारखी झाली की ये-जा चालू राहते, पण बेरीज शून्य होते. वॉल्टर नेर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या समतोलाचं गणित मांडलं आणि १९०२ मध्ये युलियस बेर्नश्टाइन यांनी ते जिवंत पेशीला लावून पाहिलं. आपल्या शरीराच्या तापमानाला, आत-बाहेरच्या प्रमाणात दहापट फरक असला की एकसष्ट मिलिव्होल्ट मिळतात. आपल्या स्नायूच्या पेशीत पोटॅशियमचं प्रमाण आत १४० आणि बाहेर ४ मिलिमोल धरलं, तर उत्तर येतं उणे ९४. प्रत्यक्ष मोजमाप उणे ९० च्या आसपास असतं. मधल्या फरकाला सोडियमची किंचित गळती कारण आहे.

रसिकानं थांबावं ते ‘थोडे आयन गेले की’ या शब्दांपाशी. थोडे म्हणजे किती? अर्धा मिलिमीटर जाडीच्या अक्षतंतूचा, म्हणजे मज्जापेशीच्या लांब धाग्याचा, हिशेब केला तर हे अख्खं विभवांतर, म्हणजे दाबाचा फरक, उभं करायला आतल्या पोटॅशियमच्या दहा लाखांतला एक आयनसुद्धा लागत नाही. रसायनशास्त्राच्या कोणत्याही साध्या चाचणीनं आतला साठा मोजा, तो जसाच्या तसा भरेल. तरी विद्युतदाब मात्र पुरा उभा आहे. सत्तर मिलिव्होल्ट हा आकडाही ऐकायला किरकोळ वाटतो. बोईसरकडून तारापूरकडे जाताना दिसणाऱ्या उच्चदाबाच्या मनोऱ्यांपुढे तर तो काहीच नाही. पण हा दाब पाच नॅनोमीटरांत मावलेला आहे. त्याच हिशेबानं मीटरभर अंतरावर तो एक कोटी चाळीस लाख व्होल्ट होईल. हवेत वीज कडाडते ती मीटरला तीसेक लाख व्होल्टच्या क्षेत्रात. त्याच्या चौपटीहून अधिक तीव्र क्षेत्र आपल्या प्रत्येक मज्जापेशीचं पटल आयुष्यभर न फाटता पेलतं. ‘विश्रांती’ या शब्दाखाली केवढा ताण आहे हे कळलं की पुढची प्रत्येक ओळ वेगळी लागते.

आता त्या वाटेकडे पाहू. १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिवाणूतल्या पोटॅशियम वाहिनीची रचना क्ष-किरणांच्या साहाय्यानं अणूंच्या पातळीवर उलगडली. कोडं जुनं होतं. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान असतो. मग मोठ्याला वाट मिळते आणि लहानाला मिळत नाही, हे कसं? पाण्यात आयन उघडा नसतो. पाण्याचे रेणू आपला ऑक्सिजन त्याच्याकडे वळवून त्याला वेढून असतात. वाहिनीच्या सर्वांत अरुंद भागात शिरायचं तर हा वेढा उतरवावा लागतो आणि त्याची किंमत ऊर्जेत मोजावी लागते. त्या अरुंद भागाच्या भिंतीत प्रथिनाचे स्वतःचे ऑक्सिजन अशा नेमक्या अंतरावर आहेत की पोटॅशियमला बदल जाणवू नये. पाण्याचे आठ ऑक्सिजन सुटले, प्रथिनाचे आठ मिळाले. सोडियम लहान असल्यामुळे या ऑक्सिजनांशी त्याची तितकी जवळीक होत नाही, पाणी सोडल्याची भरपाई होत नाही, आणि ते बाहेरच राहतं. हजार पोटॅशियममागे एखादं सोडियम चुकून जात असेल. आणि एवढी पारख करणाऱ्या या वाटेनं सेकंदाला कोटीच्या घरात आयन जातात! पारख आली की वेग जातो, हा आपला नेहमीचा अनुभव. इथं पारखच अशी केली आहे की योग्य आयनाला कुठे अडखळावंच लागू नये. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मॅकिनन यांना मिळालं त्याला हे काम कारण होतं. मला मात्र पुरस्काराहून ते आठ ऑक्सिजन अधिक लक्षात राहतात.

दुसरी ओळ बदलाची, आणि तिच्यात नाट्य आहे. बेर्नश्टाइन यांचा तर्क असा होता की आवेग, म्हणजे मज्जातंतूतून धावणारा निरोप, आला की पटल क्षणभर सगळ्याच आयनांना मोकळं होतं, म्हणून विभवांतर नाहीसं होऊन दाब शून्यावर येतो. तर्क सुबक होता आणि जवळजवळ चाळीस वर्षं टिकला. ऑगस्ट १९३९ मध्ये प्लिमथच्या प्रयोगशाळेत पंचविशीतले अ‍ॅलन हॉजकिन आणि एकविशीतले अँड्र्यू हक्सली यांनी माकुलाच्या एका जाड अक्षतंतूत लांबीच्या दिशेनं बारीक नळी सरकवली आणि पटलावरचा दाब थेट आतून मोजला. हा तंतू इतका जाड असतो की जॉन यंग यांनी १९३६ मध्ये तो मज्जातंतू असल्याचं दाखवेपर्यंत लोक त्याला रक्तवाहिनी समजत. माकूल संकटात अंगाची पिशवी आकसून पाण्याची चिळकांडी मारत मागे झेपावतो. लांबच्या स्नायूंपर्यंत निरोप झटकन पोचायचा तर तंतू जाड हवा, म्हणून ही जाडी. हॉजकिन आणि हक्सली यांच्या पडद्यावरची रेघ शून्यावर थांबली नाही. ती शून्य ओलांडून चाळीसेक मिलिव्होल्ट धन बाजूला गेली. सप्टेंबरात युद्ध पेटलं. ऑक्टोबरात ‘नेचर’मध्ये त्यांचं छोटं टिपण आलं, त्यात रेघ होती आणि तिचं स्पष्टीकरण नव्हतं. जे दिसलं तेवढंच छापून बाकी मोकळं ठेवण्याचा हा संयम मला त्या टिपणातला सर्वांत देखणा भाग वाटतो.

त्याच वर्षी अमेरिकेत केनेथ कोल आणि हॉवर्ड कर्टिस यांनी आवेगाच्या क्षणी पटलाचा प्रतिरोध मोजला होता. तो चाळीसपट घसरत होता, पण पटलाची धारकता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, दोनेक टक्क्यांपलीकडे हलत नव्हती. म्हणजे भिंत जागच्या जागी शाबूत होती, वाटा तेवढ्या उघडत होत्या. कोणासाठी? उत्तर युद्धानंतर आलं. १९४९ मध्ये हॉजकिन आणि बर्नार्ड कात्झ यांनी दाखवलं की भोवतालच्या पाण्यातलं सोडियम कमी केलं तर आवेगाचं शिखर ठेंगणं होतं. पोटॅशियमच्या वाटा दाबाला उणे बाजूला ओढतात आणि सोडियमच्या वाटा धन बाजूला, पन्नासेक मिलिव्होल्टकडे. त्या क्षणी कोणाला किती मोकळीक आहे, त्यावर दाब कुठे जाणार ते ठरतं.

आपल्या खारभूमीच्या बांधांना उघाड्या असतात. भरतीला बाहेर पाणी उंच, आत शेत खाली; उघाडीची झडप अडकून राहिली तर खारं पाणी आत घुसतं. पाण्याला ढकलणारी झडप नव्हे, ढकलणारी बाहेरची उंची. झडप अडवते किंवा सोडते, एवढंच. पेशीच्या बाबतीत हे इथवर जुळतं आणि मग सुटतं, कारण शेत बुडायला खरोखर पाणी भरावं लागतं. पेशीत आयनांची उंची आधीच रचून ठेवलेली आहे आणि दाब उलटायला त्यातला दहा लाखांतला एक हलला तरी पुरतो. साठा हलत नाही, मोकळीक हलते. मला या सगळ्या रचनेत सांगण्यासारखी एकच गोष्ट दिसते ती ही, आणि पुढचं सगळं तिचाच विस्तार आहे.

१९५२ मध्ये ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’मध्ये एका मागोमाग पाच लेख आले. पहिल्यात कात्झही होते, उरलेले चार हॉजकिन आणि हक्सली या दोघांचे. शेवटचा पंचेचाळीस पानांचा. दाब आणि प्रवाह एकमेकांना बदलत असल्यानं काहीच सुटं वाचता येत नव्हतं. म्हणून त्यांनी कोल यांची युक्ती वापरून दाब बाहेरून एका जागी धरून ठेवला आणि नुसता प्रवाह मोजला. मग सोडियमच्या मोकळीकीचं जे सूत्र त्यांनी लिहिलं, ते एवढंच आहे: ‘एम’चा घन गुणिले ‘एच’. ‘एम’ दार उघडण्याचं माप, ‘एच’ ते उघडं राहण्याचं. आतली बाजू थोडी कमी ऋण झाली की ‘एम’ झपाट्यानं वाढतो. सोडियम आत येतं, त्यानं दाब आणखी वर जातो, त्यानं ‘एम’ आणखी वाढतो. ही ओळ स्वतःच स्वतःला पेटवते. पण त्याच कारणानं ‘एच’ घटू लागतो, जरा सावकाश. ज्या घटनेनं दार उघडलं, त्याच घटनेनं ते मिटायलाही घेतलं आहे. बाहेरून कोणी ‘पुरे’ म्हणायची गरज नाही. उंच तान घेतानाच समेची जागा ठरलेली असावी, तशी ही बांधणी आहे. पोटॅशियमच्या मोकळीकीसाठी ‘एन’चा चौथा घात, कारण तेच, पण उमलायला उशीर. या उशिरामुळेच दाब शिखराला जाऊन परत उतरतो, विश्रांतीच्या पातळीखाली किंचित बुडी मारतो आणि पूर्ववत होतो. सगळं मिळून दोन-तीन मिलिसेकंद.

चौथा घात का? आकडे जुळतात म्हणून, एवढंच त्यांनी म्हटलं. वाहिनीच्या घडणीविषयी त्यातून ठाम काही काढणं त्यांनी टाळलं. पुढे काही दशकांनी पोटॅशियमच्या वाहिन्यांचं प्रथिन हाती आलं, तेव्हा ती चार सारख्या तुकड्यांची जुळणी निघाली आणि प्रत्येक तुकड्यात दाब ओळखणारा भाग होता. चांगल्या ओळीत लिहिणाऱ्याला ठाऊक असतं त्याहून अधिक असतं, असं म्हणतात. इथं ते मोजून पाहता येतं.

आणि गणित? केंब्रिजचा संगणक तेव्हा सहा महिने बंद होता. हक्सली यांनी हातानं फिरवायच्या ब्रुन्स्विगा यंत्रावर समीकरणं सोडवली. तंतूवरून पुढे सरकणारा आवेग काढायचा तर त्याचा वेग आधी गृहीत धरावा लागे. अंदाज जरा कमी पडला की उत्तर एका दिशेनं अनंताकडे धावे, जरा जास्त झाला की उलट दिशेनं. बरोबर वेग सापडला तरच आवेग उठून परत खाली यायचा. तीनेक आठवड्यांच्या या कष्टातून उत्तर निघालं सेकंदाला १८.८ मीटर. त्याच तंतूवर मोजलेला वेग होता २१.२. सगळे आकडे दाब एका जागी धरून ठेवलेल्या तंतूतून घेतलेले, त्यांत आवेगाच्या वेगाची कुठे नोंदही नव्हती, आणि तरी उत्तर इतकं जवळ आलं! १९६३ चं नोबेल दोघांना जॉन एकल्स यांच्यासोबत मिळालं.

साठा हलत नाही, या म्हणण्याला १९६१ मध्ये फार थेट पुरावा मिळाला. पीटर बेकर, हॉजकिन आणि ट्रेव्हर शॉ यांनी माकुलाच्या तंतूतलं आतलं द्रव्य दाबून बाहेर काढलं आणि पोकळ नळीत पोटॅशियमचं साधं द्रावण भरलं. तंतू पुन्हा आवेग देऊ लागला. पेशीची सगळी अंतर्गत यंत्रणा नाहीशी होऊनही रचना चालली. पटल, वाटा आणि दोन बाजूंचा खारटपणा एवढंच तिला हवं होतं.

अर्थात लाखो आवेगांनंतर आत आलेलं सोडियम थेंब थेंब साचतं आणि उंची पुन्हा रचावी लागते. ते काम पंपाचं. डेन्मार्कमधल्या येन्स स्को यांना तो १९५७ मध्ये सापडला, किनाऱ्यावरच्या खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंत. एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या एका रेणूच्या मोबदल्यात तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. दाबात त्याचा थेट वाटा काही मिलिव्होल्टचाच, पण तो थांबला तर बाकीचं सगळं हळूहळू सपाट होतं. आपल्या मेंदूच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा याच कामावर जातो. माकूल आणि खेकडा एकाच टोपलीत बंदरावर येतात. या विषयाच्या दोन मोठ्या ओळी त्या एका टोपलीतून निघाल्या.

वनस्पतींना हा सोडियमचा पंप नाही. घोलवडच्या चिकूची मुळं प्रोटॉन बाहेर फेकतात आणि आतली बाजू प्राण्यांच्या पेशीहूनही अधिक ऋण करतात. त्या ओढीनंच मातीतलं विरळ पोटॅशियम आत येतं. पानांवरची रंध्रं उघडतात तीही याच क्रमानं. व्याकरण तेच, धातू वेगळा.

रचना किती नेमकी आहे हे ती बिघडते तेव्हा कळतं, आणि त्यासाठी कोकणाबाहेर जायला नको. आपल्या लाल विंचवाच्या विषात असे रेणू आहेत जे सोडियमच्या वाहिनीला मिटू देत नाहीत. म्हणजे ‘एम’ला हात लावलेला नाही, बोट अचूक ‘एच’वर ठेवलं आहे. दार उघडतं आणि मिटायचं राहतं. आवेग लांबतो, पुन्हा पुन्हा उठतो, आणि स्वायत्त मज्जासंस्थेची टोकं अ‍ॅड्रेनलिनच्या जातीची रसायनं बेसुमार ओततात. हातपाय गार, अंग घामानं भिजलेलं, रक्तदाब चढलेला, मग हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. त्याच विषात पोटॅशियमची एक वाहिनी बुजवणारा आयबेरिओटॉक्सिन हा रेणूही आहे. १९९० मध्ये तो वेगळा काढला गेला आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत ती वाहिनी ओळखायला वापरतात.

डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा गंभीर विंचूदंशाचे दहांतले तीनेक रुग्ण दगावत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम टिपला. तो १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. मग त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबावरची स्वस्त गोळी वापरून पाहिली आणि १९८६ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात चारांच्या खाली आलं. प्राझोसिन वाहिनीचं दार मिटवत नाही. वाहिनीपासून बऱ्याच पुढे, रक्तवाहिन्यांवर जिथं ती रसायनं जाऊन बसतात, ती जागा ती अडवते. मूळ ओळ दुरुस्त करता येत नसताना तिचा परिणाम कुठे थोपवता येईल, हे एका खेडेगावातल्या दवाखान्यात, नाडी आणि रक्तदाब बघत बघत वाचून काढलेलं आहे. हॉजकिन आणि हक्सली यांच्या लेखांशेजारी ठेवावं असं हे वाचन आहे, असं मी मनापासून मानतो.

मण्यारीचं विष विंचवाच्या अगदी विरुद्ध जागी बोट ठेवतं. डहाणू तालुक्यातल्या पाड्यांवर जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावली तर बरेचदा त्याला कळतही नाही. ना सूज, ना फारशी वेदना. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही. मज्जातंतूतला आवेग पूर्ण ठीक असतो. स्नायूचे उणे नव्वदही शाबूत असतात. बिघडलेली असते ती दोघांमधली फट: विषाचा एक भाग मज्जातंतूच्या टोकांतला रसायनाचा साठा आणि ती टोकंच मोडून टाकतो, दुसरा भाग स्नायूवरची ते रसायन घेणारी जागा बळकावतो. स्नायूचा दाब बदलायला कोणी सांगतच नाही आणि श्वास थांबतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संशोधकांनी डहाणूतल्या आदिवासी गावांत आणि आरोग्य कर्मचाऱ्यांत सर्पदंशाविषयीची माहिती आणि समजुती तपासल्या. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या लेखकांत बावस्करही आहेत. भगताकडे घालवलेले तास इथं फार महागात पडतात, कारण प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला गाठतं, मोडून गेलेल्या टोकांना परत आणत नाही.

हृदयाला मात्र या फटीची गरज नसते. उजव्या कर्णिकेतल्या सायनस गाठीच्या पेशी कधीच विश्रांतीत थांबत नाहीत. त्यांचा दाब आपणहून हळूहळू चढतो आणि उंबरठा गाठला की ठोका पडतो. म्हणून मण्यारीच्या रुग्णाची नाडी चालू असते, मेंदू जागा असू शकतो, आणि डोळ्यांच्या बाहुल्यांसकट बाकी सगळं निश्चल असतं. अशा रुग्णाचा मेंदू मेला असं समजण्याची चूक होऊ शकते, आणि वैद्यकीय नियतकालिकांत तसे प्रसंग नोंदलेले आहेत. मज्जातंतूंना नवी टोकं फुटायला दिवस लागतात, कधी आठवडे. तेवढे दिवस यंत्रानं श्वास देत राहिलं तर रुग्ण उठून घरी जातो.